देवाला आंबट चालत नाही

चकचकीत म्हणजे स्वच्छ नव्हे, हे एक वाक्य लोकांना पटवता पटवता माझ्या डोक्यावरचे अर्धे केस गेले. उरलेले बायकोला पटवता पटवता गेले. आमच्या घरची जुनी समई मी तिला घासू देत नाही, म्हणून ती माझी ओळख करून देताना 'आमच्या घरातली पुराणवस्तू' असं म्हणते आणि बोट समईकडे न दाखवता माझ्याकडे दाखवते.

माझा धंदा धातूच्या जुन्या वस्तू जपण्याचा. सरकारी कागदात त्याला धातुसंवर्धक म्हणतात. मुंबईतल्या एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत येऊन राहिलो. मूळचा मी खेडचा. वडिलांचं बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. त्यामुळे धातूचा वास मला दुधाच्या वासाआधी कळला असावा.

लोक विचारतात, "म्हणजे पॉलिश करता का?" नाही हो! पॉलिश करणाऱ्यांपासून वस्तू वाचवतो. रत्नागिरीत आल्यावर ही बातमी पसरली आणि दारात एकेक नमुने येऊ लागले. एक गृहस्थ पंचधातूचा, 'पेशवेकालीन' गणपती घेऊन आले. मी नखानं जरा टोकरलं तर खाली पांढरं प्लास्टर. ते म्हणाले, "मग प्लास्टर पेशवेकालीन असेल." दुसऱ्या एकांनी किल्ल्यावर सापडलेला तोफेचा गोळा आणला. तो शाळेतला गोळाफेकीचा गोळा निघाला. तरी त्यांनी तो परत नेऊन दिवाणखान्यात ठेवला, कारण तोवर पाहुण्यांना सांगून झालं होतं.

अशा मंडळींची सवय झालेली असताना, गुढीपाडव्यानंतर आठेक दिवसांनी, एक पंचविशीची मुलगी दारात उभी राहिली. नाव रेश्मा. माहेर खेडचं, आमच्या दुकानाच्या दोन गल्ल्या पलीकडचं. सासर पूर्णगडच्या बाजूला. सकाळची एसटी पकडून एकटीच आली होती. पाणी दिलं तर पेला हातात धरून बसली, प्यायली नाही.

"काका, तुम्ही मुलामा देता का?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"देवाला. थोडासाच. एवढ्या जागेत." तिनं अंगठ्याच्या नखाएवढी जागा दाखवली. "इमिटेशनवाले देतात, पण तिथं नेलं तर सगळ्यांना कळेल. नारळी पौर्णिमेच्या आत झालं पाहिजे."

मग तिनं मोबाइल काढला आणि फोटो दाखवला. तो फोटो मी बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

तो बुद्ध होता! वीतभर उंचीचा, पद्मासनात बसलेला, डावा हात मांडीवर, उजवा हात गुडघ्यावरून खाली जमिनीकडे सोडलेला. अंगावर सोनं. आजच्या इमिटेशनचं पिवळंजर्द नव्हे. जुनं, मऊ, जरा तांबूस सोनं. आणि उजव्या गुडघ्यावर, त्या खाली सोडलेल्या बोटांच्या शेजारी, नखाएवढा लालसर नागडा डाग.

"हा कोण आहे माहीत आहे का तुला?" मी विचारलं.

"ठावदेव," ती म्हणाली. "सासरचा देव. पाण्यात हात घालून ठाव घेतोय, किती खोल आहे बघतोय. म्हणून आमच्या होड्या बुडत नाहीत."

चाळीस वर्षं मी त्या मुद्रेचं नाव पाठ म्हणत आलो: भूमिस्पर्श. समुद्रावर जगणाऱ्या माणसांनी भूमीच्या जागी पाणी घातलं आणि देव आपल्या होडीत बसवून घेतला. मला इतका आनंद झाला की मी त्या पोरीच्या तोंडावर हसलो. ती मात्र रडायला लागली.

झालं होतं ते असं. पाडव्याला तिनं घरातली सगळी पितळी भांडी घासली. देव्हाऱ्यातली निरांजनं, ताम्हण, घंटा सगळं काढलं. ठावदेव वर्षभर वस्त्रात गुंडाळलेला असतो. तोही तिनं हौसेनं बाहेर काढला आणि चिंच-मीठ लावून गुडघ्यापासून सुरुवात केली. चार-सहा वेळा घासल्यावर बोटाखाली रंग बदलला. ती घाबरली, देव पुसला, वस्त्र गुंडाळलं, जागच्या जागी ठेवला. सासूला यातलं काही माहीत नव्हतं. पण नारळी पौर्णिमेला वस्त्र उतरवून देवाला किनाऱ्यावर नेतात, आणि त्या दिवशी सगळी वाडी त्याचं दर्शन घेते.

"नवरा जहाजावर आहे, काका. आई म्हणतात, देव खूश आहे म्हणून तो सुखरूप आहे. आता त्यांना कळलं तर..." तिनं पेला खाली ठेवला. "कोणाला कळायच्या आत तेवढा मुलामा देऊन टाका ना."

आता इथं मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला पुढचे चार महिने लागले, पण वाचकांना एवढं थांबवत नाही.

आमच्या घरी चिंच आमटीत कमी आणि भांड्यांवर जास्त पडायची. दिवाळीच्या आधी आई दुकानातली सगळी घमेली-घागरी चिंच, मीठ आणि नारळाच्या काथ्यानं घासायची, आणि बाजारातून येणाराजाणारा थांबून बघायचा. नोकरीला लागलो तेव्हा मी चोविसाचा होतो आणि हातात तीच विद्या होती. प्रयोगशाळेत एक छोटी उभी बुद्धमूर्ती आली. काळीकुट्ट, तव्याच्या बुडासारखी. आमचे साहेब आठवडाभर दौऱ्यावर होते. म्हटलं, ते येईपर्यंत करून दाखवू! कोपऱ्यावरच्या वाण्याकडून चिंच आणली. काथ्या मिळाला नाही, म्हणून ब्रश घेतला. तासाभरात मूर्ती अशी लखलखली की मी स्वतःवरच खूश झालो. मग चिंचेच्या कोळाकडे नजर गेली. तपकिरी कोळात बारीक पिवळे कण तरंगत होते. सोन्याचे. एकेक कण लुकलुकत होता. मी टब मोरीत ओतला आणि नळ सोडून दिला.

साहेब परत आले. मूर्ती हातात घेऊन फिरवली. "वर काही होतं का रे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही, सर." नोंदणीचं कार्ड मीच भरलं आणि त्यावर लिहिलं: मुलाम्याचे अवशेष नाहीत. साहेबांनी सही केली.

पुढे मी या कामात नाव काढलं. शिबिरांतून, शाळांतून, देवस्थानांतून सांगत फिरलो की बाबांनो, जुन्या धातूला चिंच लावू नका, लिंबू लावू नका, मीठ तर मुळीच नाही. लोक म्हणत, माणूस किती तळमळीनं बोलतो! तळमळ कुठून येत होती ते माझं मलाच ठाऊक.

तर रेश्माला मी काय सांगणार? मुलामा देणं मला येत होतं. त्या जागेपुरता रंग जुळवून देणं हा दोन दिवसांचा खेळ होता. हात शिवशिवलेसुद्धा. पण फोटो आणखी मोठा केला तेव्हा मूर्तीच्या पाठीवर, कमळाच्या पाकळ्यांच्या कडेला, फिकट हिरवे ठिपके दिसले. पिठासारखे, भुसभुशीत. ते पाहिले आणि माझा खेळकरपणा संपला. याला आमच्यात कांस्यरोग म्हणतात. खार आणि ओल धातूच्या आत शिरली की हिरवी पूड धरते, आणि वेळेवर काढली नाही तर लाकडाला वाळवी लागावी तशी मूर्ती आतून खाते. या मूर्तीच्या हातात आता एक पावसाळा, फार तर दोन पावसाळे. पूर्णगडच्या खाऱ्या हवेत तेवढेसुद्धा नाहीत.

"देव आजारी आहे," मी म्हणालो. "डागाचं सोड. हे हिरवं आहे ना, ते आत्ता काढलं नाही तर देवच उरायचा नाही. आणि ते चोरून करता येण्यासारखं काम नाही. सासूबाईंना सांगावं लागेल."

तिनं ते हिरवे ठिपके स्वतः मोठे करून पाहिले. "हेही माझ्यामुळंच झालं का?"

"ते मूर्ती बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"चला मग," ती उठून म्हणाली. मी चपला घालेपर्यंत ती अंगणाच्या बाहेरसुद्धा पडली होती.

आम्ही वाडीत पोचलो तेव्हा तिची सासू, इंदूवहिनी, पडवीत सुकवलेला जवळा निवडत बसली होती. बाई साठीची, ताठ, आवाज असा की हाक मारली तर खाडीपलीकडची होडी वळावी. रेश्मानं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "आई, पाडव्याला मी ठावदेव घासला. चिंचेनं. गुडघ्याचं सोनं गेलं."

मी आयुष्यात बरीच माणसं खरं बोलताना पाहिली आहेत, पण इतक्या कमी शब्दांत कोणी नाही.

इंदूवहिनीनं जवळा बाजूला सारला. हात धुतले, आत गेली, दिवा लावला, आणि वर्षातून एकदाच उतरवायचं ते वस्त्र भर चैत्रात तिनं स्वतःच्या हातांनी सोडलं. गुडघा पाहिला. मग सुनेकडे वळली.

"तुला सांगितलं नव्हतं काय गो, आपल्या देवाला आंबाट चालत नाय म्हनून?"

"सांगितलं होतं. पण मला वाटलं, नैवेद्याला चालत नाही. जेवणात. म्हणून मी कध्धी आमसूल घातलं नाही देवाच्या वाटीत..." रेश्मानं पिशवी आता कुठं खाली ठेवली. "घासायला नाही चालत, असं कुठं कोण म्हणालं?"

मी तिथंच खांबाला टेकलो. देवाला आंबट चालत नाही! या घरात नारळी पौर्णिमेला आमसूल फिरकत नाही, वरणातसुद्धा नाही. कैरी चिरलेल्या हातानं देवाला शिवत नाहीत. देव्हाऱ्याच्या फळीवर लोणच्याची बरणी कधी ठेवलेली नाही. आणि देव कधी घासत नाहीत, कोरड्या फडक्यानं पुसतात. का? तर आंबट चालत नाही. मी जे वाक्य छापील पत्रकांतून वाटत फिरलो, ते या घरात पिढ्यान्‌पिढ्या चुलीपाशी बसलं होतं. त्यामुळेच तर इतकं सोनं अंगावर शिल्लक होतं!

पण तेव्हा माझं ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. "नारळी पुनवेपातुर म्हायेरी जाऊन ऱ्हा," इंदूवहिनी सुनेला म्हणाली. "माजा पोरगा पान्यात हाय. वाडीला मी काय सांगू?"

"वहिनी," मी मध्ये पडलो, "आधी मला देव बघू द्या. कोणाचा दोष किती ते मी सांगतो. मग काय ते ठरवा."

"बगा," ती म्हणाली. "पन घराभायेर न्यायचा नाय."

मग पुढले पंधरा दिवस माझी प्रयोगशाळा त्यांच्या पडवीत भरली. आणि काय सांगू, नोकरीत एवढी सामग्री हाताशी होती, पण त्या पडवीतले दिवस मला परत जगायला मिळाले तर मी पेन्शन सोडीन.

वाचकांसाठी थोडं कारागिरीचं सांगतो. अशी मूर्ती आधी मेणाची करतात. आत मातीचा गाभा, वर मेणाचा पातळ थर. उकडीचा मोदक डोळ्यांसमोर आणा. सारणाच्या जागी माती आणि पारीच्या जागी मेण. सगळी कला त्या पारीवर. ठावदेवाच्या डोक्यावरचा प्रत्येक कुरळा केस मेणाची बारीक वात वळून वेगळा बसवला होता. भिंगातून बघितलं तर बोटांच्या नखांवर चंद्रकोरी होत्या! वीतभर मूर्तीच्या, तांदळाच्या कणीएवढ्या नखांवर! मेणावर बाहेरून पुन्हा माती लिंपायची, तापवायचं, मेण वितळून बाहेर पडतं, आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. संस्कृतात या कृतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधमाश्यांचं उष्टं ते मेण, आणि त्या उष्ट्यातून देव. मेण गेल्यावर आतला गाभा हलू नये म्हणून लोखंडाच्या बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, आरपार ठोकतात. ठावदेवाच्या पाठीवर अशा दोन चुकांची टोकं मला सापडली, गंजून फुगलेली.

आणि हिरवी पूड धरली होती ती नेमकी या दोन चुकांभोवती आणि खाली पाकळ्यांच्या कडेला. जिथं रेश्माचा हातसुद्धा पोचला नव्हता. तिथली पूड काढत गेलो तर खाली थरावर थर निघाले. हे आठ-दहा दिवसांचं काम नव्हे, कित्येक वर्षांचं. खारी हवा, पावसाळ्यात दमट राहणारं वस्त्र आणि गंजणारं लोखंड.

"वहिनी, हे हिरवं तिच्या चिंचेचं नाही," मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. "हे वस्त्राचं आहे. तुम्ही मायेनं गुंडाळता ना, त्यात ओल राहते."

इंदूवहिनीनं जवळ्याचं सूप खाली ठेवलं. "म्हनजे माज्या हातचा?"

"तुमच्या, तुमच्या सासूच्या, तिच्या सासूच्या."

तिनं सूप पुन्हा उचललं नाही. त्या दिवशी रेश्माची माहेरी जायची पिशवी, जी दाराशी भरून ठेवली होती, ती कोणीतरी आत नेली. कोणी ते मी विचारलं नाही.

गुडघा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो दोष खरा होता, आणि त्याबद्दल मला गोड बोलायचं नव्हतं. चिंचेनं सोनं विरघळत नाही. सोन्याला असतात सुईच्या टोकाएवढी छिद्रं, त्यातून आंबट आत जातं, खालचा गंजाचा थर सोडवतं, आणि वरचं सोनं आधार सुटल्यासारखं निघून येतं. शिवाय मिठानं हिरव्या रोगाला आमंत्रण. मी ती जागा शुद्ध पाण्यानं पुन्हा पुन्हा टिपून घेतली, मीठ काढलं, वाळवली, आणि मग भिंग लावलं.

आणि ओरडलोच. "सापडला!"

इंदूवहिनी विळी तशीच टाकून धावत आली. "काय सापाडला? साप?"

"कारागीर!"

त्या लालसर डागात एक सरळ रेघ होती. तिला काटकोनात दुसरी. मग तिसरी, चौथी. नखाएवढा चौकोन. थिगळ! हजारेक वर्षांपूर्वी, म्हणजे जाणकारांनी नंतर वय सांगितलं ते तेवढंच, कोणा एकाचा रस ओतताना इथं फसला होता. हात आणि गुडघ्यामधल्या अरुंद जागेत हवा अडकली आणि भोक पडलं. का पडलं तेही मला कळत होतं. सोन्याचा मुलामा नीट धरावा म्हणून त्यानं जवळजवळ निव्वळ तांबं वापरलं होतं. कथील-शिसं मिसळलं असतं तर रस पाण्यासारखा कोपऱ्या-कोपऱ्यांत पळाला असता, पण मग सोनं नीट धरलं नसतं. निव्वळ तांबं घट्ट पिठल्यासारखं, ते अडतं. या पठ्ठ्यानं सोप्या ओतकामावर पाणी सोडलं आणि सोन्याची बाजू घेतली. त्याची किंमत गुडघ्यावर मोजली.

मग त्यानं काय केलं? मूर्ती वितळवून टाकली नाही. भोक चौकोनी कोरून घेतलं, दुसऱ्या धातूचा तुकडा त्यात ठोकून बसवला, कानशीनं सपाट केला, आणि वर मुलामा चढवला. तेव्हाचा मुलामा म्हणजे सोनं पाऱ्यात घोटून लोण्यासारखा गोळा करायचा, तो मूर्तीवर माखायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं धातूच्या कातडीतच बसतं. मग ओपणीनं, म्हणजे गुळगुळीत गारेच्या दगडानं, घासून झळाळी आणायची. त्या वाफेनं कारागिरांचे हात कापायला लागत, दात पडत. आपण बोलताना 'वरवरचा मुलामा' म्हणतो. म्हणणाऱ्यांनी तो कधी चढवला नसणार.

थिगळाचा धातू वेगळा, म्हणून तिथं सोनं नीट धरेना. ते त्याला कळलं होतं. कारण त्या चौकोनाच्या कडेनं उरलेलं सोनं दुप्पट जाड होतं. म्हणजे त्यानं तेवढ्या जागेला दुसऱ्यांदा मुलामा दिला, दुसऱ्यांदा ती विषारी वाफ अंगावर घेतली. पुढे मुंबईहून माझा एक जुना सहकारी त्याचं यंत्र घेऊन आला, त्यानंही पारा दाखवला आणि दोन थरांचं खरं ठरवलं. पण पडवीत त्या दुपारी मला यंत्राची गरज नव्हती. मी त्या माणसाच्या शेजारी बसलो होतो. त्याची चूक माझ्या भिंगाखाली होती.

मी दोघींना भिंग दिलं. आधी इंदूवहिनीनं बघितलं, मग रेश्मानं.

"म्हणजे इथलं सोनं मुळातच कच्चं होतं?" रेश्मानं विचारलं.

"कच्चं होतं. दुसरीकडे घासलं असतंस तर इतक्या पटकन निघालं नसतं. पण घासलंस ते तूच. ते मी कमी करून सांगणार नाही."

"नका करू," ती म्हणाली.

इंदूवहिनी अजून त्या चौकोनाकडे बघत होती. "बनावनारानं पन थिगाळ लावलान," ती हळूच म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "तुमच्या हातनं असं कदी झालं काय वो, भाऊ?"

हा प्रश्न साहेबांनंतर पहिल्यांदाच कोणी मला विचारला होता. मी भिंग पुसत म्हणालो, "धंद्यात होतं असं कधीकधी." आणि विषय बदलला. रेश्मा तिथंच उभी होती. तीन वाक्यांत सगळं कबूल करणारी ती पोर, आणि तिच्यापुढे भिंग पुसत बसलेला मी. मला लाज वाटली.

गुडघ्यावर मी सोनं चढवलं नाही. रोग बरा केला, तो पुन्हा धरू नये म्हणून रसायन भरलं, आणि वस्त्राच्या जागी काचेची पेटी करून घेतली, तळाशी ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. पुरावस्तू म्हणून सरकारी नोंदणीचा अर्जही भरून दिला. तेव्हा इंदूवहिनी घाबरली होती, देव नेतील म्हणून. नोंदणी म्हणजे जप्ती नव्हे, हे पटवायला मला दोन दुपारी आणि चार कप चहा लागला.

नारळी पौर्णिमेला मला आग्रहाचं बोलावणं होतं. वाडी जमली होती. खाडीपलीकडच्या नाटे गावाहून हसनचाचा आले होते, आयुष्यभर बोटीवर काम करून निवृत्त झालेले. त्यांच्या घरातून दरवर्षी ठावदेवाला एक नारळ येतो, कारण त्यांचे कोणी पूर्वज नाखवा होते आणि त्यांनीच ही मूर्ती आपल्या बोटीवरच्या खलाशाला, म्हणजे इंदूवहिनीच्या सासरच्या मूळ पुरुषाला, दिली अशी आठवण आहे. कुठल्या बंदरातून आणली ते कोणालाच माहीत नाही.

मी चाचांना सहज विचारलं, "देवाला आंबट चालत नाही, हे तुमच्याकडे पण म्हणतात का?"

"देवबिव आमी काय बोलनार?" ते हसले. "आमच्या घरात येवढंच बोलतात की आमच्या आज्याच्या आज्यानं तो देताना सांगितलेलं, यावर सोना हाय, खटाई लावू नको. सोना सुटेल."

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. सोना सुटेल! एका घरात नियम राहिला आणि कारण गळालं. दुसऱ्या घरात कारण राहिलं, पण त्यांच्याकडे मूर्तीच नव्हती. मध्ये फक्त एक खाडी आणि वर्षाला एक नारळ. आजवर कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. चाचांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं.

मग देव बाहेर काढायची वेळ झाली. गुडघ्यावरचा चौकोन उघडा होता आणि सगळ्या वाडीला दिसणार होता. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. इंदूवहिनीनं पेटी उघडली, देव दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्यानं हाक मारली, "रेश्मा! हिकडं ये."

रेश्मा मागं, दाराशी उभी होती. गर्दीतून पुढे आली.

"ह्ये बगा," इंदूवहिनी सगळ्यांना म्हणाली, "हितलं सोनं माज्या सुनेच्या हातनं गेलं. आनि पाठचं हिरवं माज्या हातनं झालं व्हतं. आनि हितं बनावनाराचं थिगाळ हाय. तिगांची चूक हाय, तिगांनी कबूल केलीन. आता कुजबुजायचं काय ऱ्हायलं?" मग देव सुनेच्या हातात दिला. "घे. किनाऱ्यापातुर तूच घेऊन चल. आनि आजपासनं तूच पुसायचास, सुक्या फडक्यानं."

रेश्मानं देव छातीशी धरला आणि चालू लागली. मागून वाडी, हसनचाचांचा नारळ, आणि सगळ्यांत शेवटी मी. बनावणारा तर हजार वर्षांपूर्वी गेला, आणि तोही कबूल करून गेला. मी चौथा.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाला पत्र लिहिलं. महिन्याभरानं तिथल्या तरुण बाईंचा फोन आला. त्यांनी ती उभी बुद्धमूर्ती भांडारातून काढून भिंगाखाली धरली होती. मूर्तीवर कोरलेल्या वस्त्राच्या चुणीत एक पिवळा कण खरंच सापडला, म्हणाल्या. नोंद दुरुस्त करायची तर ज्यानं कार्ड भरलं त्याच्याच हस्ताक्षरात हवी, असाही त्यांचा आग्रह होता. मी मुंबईला गेलो. त्यांनी जुनं कार्ड दाखवलं तेव्हा माझं चोविसाव्या वर्षातलं वळणदार अक्षर बघून मला हसू आलं आणि रडूही. साहेबांच्या सहीखाली जागा फार थोडी उरली होती. चार शब्द मावले:

मुलामा होता. मी घासला.